शालीनतेची पहिली परीक्षा नजरेची

रोमला संत पीटरच्या बॅसिलिकेत शिरताना खांदे किंवा गुडघे उघडे असतील, तर दारावरच अडवतात. बाईला अडवतात, तसे हाफ पँट घातलेल्या पुरुषालाही अडवतात. तिथून जवळच सिस्टिन चॅपेल आहे. त्याच्या छतावर मायकेलअँजेलोने रंगवलेल्या आदामाच्या अंगावर चिंधीही नाही, आणि त्याच छताखाली बसून कार्डिनल नवा पोप निवडतात. दाराशी उघडा गुडघा चालत नाही आणि आत उघडे शरीर चालते, याला बाहेरचा माणूस सहज दांभिकपणा म्हणेल. आपल्याकडे तर या विषयावर दोन टोकांचे समज शेजारी शेजारी नांदतात. ख्रिस्ती धर्म शरीरालाच पाप मानतो, हा एक. दुसरा जुन्या हिंदी सिनेमाने रुजवला: फ्रॉक घालणारी ख्रिस्ती मुलगी म्हणजे थिल्लर. दोन्ही समज चुकीचे आहेत. पण खुद्द ख्रिस्ती समाजात वेशभूषेवर जी प्रवचने होतात, त्यांतली बरीचशी स्वतःच्याच परंपरेचा क्रम उलटा करतात, हेही तितकेच खरे. त्या परंपरेचे ग्रंथ आणि तिचा इतिहास नीट वाचला, तर शालीनतेचा पहिला प्रश्न पाहणाऱ्याच्या नजरेला विचारलेला दिसतो आणि दुसरा पैशाच्या दिमाखाला. अंगावर कापड किती, हा प्रश्न त्यांच्या बराच मागून येतो.

बायबलच्या पहिल्याच पुस्तकात, उत्पत्तीत, आदाम आणि हव्वा विवस्त्र असतात आणि त्यांना एकमेकांची लाज वाटत नाही. देवाने घडवलेले सारे चांगले आहे, असे त्याआधीच सांगून झालेले असते आणि त्या चांगल्यात शरीरही येते. आज्ञा मोडल्यावर पहिला बदल होतो तो डोळ्यांत. ते उघडतात, आपण नागवे आहोत हे दोघांना कळते आणि ती अंजिराची पाने जोडून स्वतःला झाकतात. शरीर कालचेच असते, बदललेले असते ते पाहणे. पुढे बागेबाहेर काढण्याआधी देव स्वतः त्यांच्यासाठी कातड्याची वस्त्रे करतो आणि त्यांना घालतो. म्हणजे या कथेत वस्त्र शिक्षा म्हणून येत नाही. जिथे नजर आता निर्मळ राहिलेली नाही अशा जगात पाठवताना दिलेली ती माया आहे. बायबलमध्येच पुढे यशया संदेष्ट्याला देव तीन वर्षे उघड्या अंगाने आणि अनवाणी फिरायला सांगतो. कैदी म्हणून नेल्या जाणाऱ्या लोकांची दशा सर्वांना दिसावी म्हणून. त्याच्या कमरेला काहीतरी असावे, असे काही भाष्यकार मानतात. ते मान्य केले तरी एक गोष्ट उरतेच. उघडे शरीर हे मुळातच पाप असते, तर पवित्र ग्रंथात ते देवाच्या आज्ञेचे साधन झाले नसते.

नव्या करारात येशूने या विषयावर जे सांगितले ते थोडके आणि स्पष्ट आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या डोंगरावरच्या प्रवचनात तो म्हणतो की स्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच आहे. त्यावरचा उपायही तो लगेच सांगतो: तुझा डोळा तुला पापात पाडत असेल तर तो डोळा उपटून टाक. भाषा टोकाची आहे, पण तिचा रोख कुणावर आहे याबद्दल शंका उरत नाही. ज्या स्त्रीकडे पाहिले गेले तिने काय घातले होते, हे येशू विचारत नाही. तिने पदर नीट घ्यावा, घरात बसावे, वाट बदलावी, असे काहीही तो सुचवत नाही. पाहणाऱ्याचे पाप पाहणाऱ्याच्या पदरात टाकून तो थांबतो. वेशभूषेवर बोलणाऱ्या कोणत्याही ख्रिस्ती उपदेशकाने सुरुवात इथून करायला हवी. प्रत्यक्षात बहुतेक जण करतात ती प्रेषित पौलाच्या पत्रापासून.

मग पौलाचेही पत्र पाहू. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्त्रियांनी शालीन वेश करावा, असे सांगितले आहे, आणि वर्षानुवर्षे तेच वचन मुलींच्या स्कर्टची लांबी मोजायला वापरले गेले. पण तिथे शालीनतेच्या विरुद्ध बाजूला काय ठेवले आहे? केसांच्या नटव्या गुंफणी, सोने, मोती आणि महागडी वस्त्रे. पेत्राच्या पहिल्या पत्रातली यादीही जवळजवळ हीच आहे. गुडघा, दंड, पाठ यांचा उल्लेखही नाही. त्या काळातल्या ख्रिस्ती मंडळ्या घरांत जमत. एकाच खोलीत धनिक घरची स्त्री आणि तिच्या शेजारी गुलाम स्त्री बसे. तिथे मोत्यांचा दिमाख मिरवणे म्हणजे शेजारणीला तिची पायरी दाखवणे. याकोबाच्या पत्रात तर सोन्याची अंगठी आणि झगझगीत कपडे घातलेल्या पाहुण्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा देणाऱ्या मंडळीला सरळ फटकारले आहे. या कसोटीवर आपल्या लग्नसमारंभांतले सोने आणि भरजरी थाट आधी तपासावे लागतील. बिनबाह्यांच्या ब्लाऊजवर अनेक प्रवचने होतात; लग्नात अंगावर किती तोळे घातले, यावर मात्र क्वचितच कुणी बोलते.

आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींचा व्यवहारही याच दिशेचा होता. हिप्पोलिटस याच्या नावावर असलेल्या, तिसऱ्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या विधिग्रंथात बाप्तिस्मा घेणाऱ्यांनी वस्त्रे उतरवून पाण्यात उतरावे, असे सांगितले आहे. आधी मुले, मग पुरुष, शेवटी स्त्रिया. आणि स्त्रियांनी केस मोकळे सोडून अंगावरचे सोन्याचे दागिनेही काढावेत. जेरुसलेमचे बिशप सिरिल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चौथ्या शतकातल्या प्रवचनांत नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांना पहिल्या आदामाची आठवण करून दिली आहे: तुम्ही विवस्त्र होतात आणि तुम्हाला लाज वाटली नाही. इटलीतल्या राव्हेन्ना गावी पाचव्या शतकातल्या बाप्तिस्मागृहाच्या घुमटावर यार्देन नदीत उभा असलेला येशू विवस्त्रच दाखवला आहे. पुढे सन १२०६च्या सुमारास असिसीच्या फ्रान्सिसने श्रीमंत बापाने दिलेले कपडे बिशपसमोर उतरवून बापाच्या हवाली केले, तेव्हा बिशपने त्याला आपल्या झग्यात घेतले. त्या उघड्या शरीरात कुणाला कामुकता दिसली नाही. त्यांना दिसला तो संपत्तीचा त्याग.

याच परंपरेत दुसरा, कडक प्रवाहही होता, हे लपवण्यात अर्थ नाही. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या संधिकाळात कार्थेजच्या टर्टुलियनने स्त्रियांच्या वेशभूषेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि हव्वेच्या पापाचे ओझे प्रत्येक स्त्रीच्या डोक्यावर ठेवले. आजच्या अनेक प्रवचनांचा सूर येशूपेक्षा टर्टुलियनच्या जवळचा आहे. पण हाच टर्टुलियन पुढे मुख्य धारा सोडून माँटानसच्या पंथाकडे गेला, आणि त्याला कॅथलिक परंपरेने कधी संत मानले नाही. त्याच्याहून कितीतरी अधिक प्रभावी ठरलेल्या ऑगस्टीनने पाचव्या शतकात ‘देवाचे नगर’ या ग्रंथात लज्जेचे कारण शोधले, ते शरीराच्या दुष्टपणात नव्हे. माणसाने देवाची आज्ञा मोडली, तेव्हा त्याची वासनाही त्याच्या इच्छेचे ऐकेनाशी झाली, आणि लाज त्या बंडाची आहे, असे त्याचे म्हणणे. शरीराला वाईट मानणाऱ्या मणिपंथातून स्वतः बाहेर पडलेला तो माणूस होता. ऑगस्टीनची लैंगिकतेविषयीची सगळी मते आज पटणारी नाहीत. तरी शरीराची निंदा ही ख्रिस्ती शिकवण नव्हे, एवढे त्याने पक्के करून ठेवले.

कला आणि धर्मपीठ यांच्या संघर्षातही हाच वाद पुन्हा उभा राहिला. सिस्टिन चॅपेलच्या वेदीमागच्या भिंतीवरचे ‘अंतिम न्याय’ हे चित्र १५४१ साली पूर्ण झाले, तेव्हा त्यातल्या उघड्या देहांवर गदारोळ उठला. डिसेंबर १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने धार्मिक चित्रांत कामुकता नको, असा ठराव केला आणि मायकेलअँजेलोच्या मृत्यूनंतर दानिएले दा व्होल्तेर्रा या चित्रकाराकडून त्या देहांवर वस्त्रे चढवून घेतली गेली. जवळजवळ सव्वाचारशे वर्षांनी चित्राची सफाई झाली, तेव्हा नंतर चढवलेली काही वस्त्रे उतरवली गेली आणि व्होल्तेर्राने रंगवलेली इतिहास म्हणून ठेवली गेली. एप्रिल १९९४मध्ये त्या कामाच्या समाप्तीच्या मिस्सात पोप जॉन पॉल दुसरे यांनी या चॅपेलला मानवी देहाच्या ईश्वरविद्येचे मंदिर म्हणून गौरवले. हे त्यांना आयत्या वेळी सुचलेले नव्हते. पोप होण्याच्या कितीतरी आधी, १९६० साली कारोल वोयतिवा या नावाने लिहिलेल्या ‘प्रेम आणि जबाबदारी’ या ग्रंथात त्यांनी नग्नता आणि निर्लज्जपणा वेगळे केले होते. माणसाला केवळ भोगाची वस्तू म्हणून मांडणे हा त्यांच्या लेखी निर्लज्जपणा. ही कसोटी लावली की दाराशी झाकलेला गुडघा आणि आतला उघडा आदाम यांत विसंगती उरत नाही. आणि याच कसोटीवर पूर्ण कपड्यांतल्या बाईला गाडीच्या टपावर बसवून गाडी विकणारी जाहिरात नापास होते.

कपड्यांच्या मागे खरा प्रश्न प्रतिष्ठेचा असतो, हे भारतातल्या ख्रिस्ती इतिहासाइतके स्पष्ट क्वचितच कुठे दिसेल. त्रावणकोर संस्थानात खालच्या मानल्या गेलेल्या जातींच्या स्त्रियांनी वरच्या जातींसमोर छाती झाकायची नाही, असा दंडक होता. नाडार समाजातल्या अनेकांनी लंडन मिशनरी सोसायटीच्या काळात ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मिशनऱ्यांच्या बायकांनी त्या स्त्रियांसाठी सैल जाकीट शिवून दिले, आणि ख्रिस्ती झालेल्या स्त्रियांना ते घालण्याची मुभा ब्रिटिश रेसिडेंट मन्रो याच्या काळात मिळाली. अंग झाकले गेले. मिशनऱ्यांच्या शालीनतेचे समाधान तिथेच झाले असते. पण त्या स्त्रिया तेवढ्यावर थांबल्या नाहीत. जाकिटावरून त्यांनी वरच्या मानल्या गेलेल्या नायर जातीतल्या स्त्रियांसारखे उपरणे घेतले. मग त्यांच्यावर हल्ले झाले, भर रस्त्यात कपडे फाडले गेले, घरे आणि प्रार्थनामंदिरे जाळली गेली. हा झगडा चार दशकांहून अधिक चालला. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांच्या दबावानंतर जुलै १८५९मध्ये महाराजांनी सर्व नाडार स्त्रियांना, ख्रिस्ती असोत वा हिंदू, छाती झाकण्याचा हक्क दिला. तोही वरच्या जातींसारखे नेसायचे नाही या अटीवर. त्या स्त्रियांना कापडाबरोबर बरोबरी हवी होती. शालीनता लादली जाते तेव्हा आणि मागितली जाते तेव्हा तिचा अर्थ किती बदलतो, हे त्यांनी दाखवून दिले.

त्याच धर्माने गोव्यात याच्या नेमके उलट केले. संशोधक अनंत काकबा प्रियोळकरांनी ज्याची सविस्तर नोंद घेतली, त्या गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, १७३६ साली फर्मान काढून ख्रिस्ती झालेल्या स्थानिकांचे कितीतरी रीतिरिवाज गुन्हा ठरवले. लग्नातली गाणी, अंगणातली तुळस यांच्याबरोबर पुरुषांचे धोतर आणि बायकांची चोळी यांवरही बंदी आली. चोळी अंग झाकते. तिच्यात अशालीन काही शोधूनही सापडणार नाही. ती हिंदू शेजारणीच्या अंगावरही होती, एवढाच तिचा गुन्हा. धर्माच्या नावाने वेशावर नियम करणारी सत्ता पुष्कळदा शरीराच्या पावित्र्याऐवजी ओळखीवर ताबा मागत असते. म्हणून असा कोणताही नियम समोर आला की तो कुणी केला, कुणासाठी केला आणि त्यातून कुणाची मान खाली जाते, हे विचारणे प्रत्येक ख्रिस्ती माणसाचे कर्तव्य आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा: सगळे जर नजरेवर आणि समाजावर अवलंबून असेल, तर शालीनतेला काही ठाम आधारच उरत नाही. हा आक्षेप जुना आहे आणि त्याचे उत्तरही जुने आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस याने म्हटले की बाह्य वस्तूंत मुळात दोष नसतो. ज्या लोकांत आपण राहतो त्यांची रीत मोडण्यात किंवा कपड्यांचा अतिरेकी सोस धरण्यात तो असतो. १९९२च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथानेही मान्य केले की शालीनतेची रूपे संस्कृतीनुसार बदलतात. माणसाच्या प्रतिष्ठेची जाण तेवढी सगळीकडे कायम असते. काष्टा घातलेल्या नऊवारीत पोटऱ्या उघड्या दिसतात. मराठी माणसाला त्यात कधी काही वावगे वाटले नाही; एकेकाळच्या इंग्रज बाईला मात्र घोटा दिसला तरी संकोच व्हायचा. पंडिता रमाबाई ख्रिस्ती झाल्यावरही साडीतच राहिल्या. वसईतल्या ख्रिस्ती बायका पिढ्यान्‌पिढ्या लुगडे नेसून मिस्साला गेल्या आणि त्यांच्या भक्तीत काही उणे पडले नाही. रूप बदलते म्हणून तत्त्व पोकळ ठरत नाही. आदर दाखवण्याच्या रीती देशोदेशी वेगळ्या असतात, म्हणून आदर खोटा ठरत नाही, तसेच हे आहे.

दुसरा आक्षेप अगदी विरुद्ध टोकाकडून येतो. नग्नता पाप नसेल, बाप्तिस्माही विवस्त्र होत असेल, तर ख्रिस्ती माणसाने कपडे टाकून एदेनबागेतली निरागसता परत का मिळवू नये? पाश्चात्त्य देशांत असे मानणारे ख्रिस्ती लोक आहेत. पंधराव्या शतकात बोहेमियातल्या आदामपंथीयांनी हाच प्रयोग केला होता. त्यांना हुसपंथी सेनापती यान झिझ्काच्या फौजेने १४२१ साली क्रूरपणे संपवले. ती कत्तल निषेधार्हच आहे. पण त्यांचा युक्तिवादही टिकत नाही. उत्पत्तीच्या कथेत कपडे देव देतो, आणि ते अजून काढून घेतलेले नाहीत. निरागसता अंगावरचे कापड उतरवून परत येत नाही. मन बदलल्यावाचून उघडे शरीर पुन्हा बाजारातच उभे राहते. आरंभीच्या मंडळींनाही हे ठाऊक होते. म्हणून स्त्रियांच्या बाप्तिस्म्याच्या वेळी अंगाला तेल लावायला सेविका नेमाव्यात, असे सिरियातल्या एका प्राचीन धर्मग्रंथात सांगितले आहे. उघडेपणा तिथे एका विधीपुरता होता आणि त्याभोवती विश्वासाचे कुंपण होते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो सद्‌हेतूने घेतला जातो. कपडे घालणाऱ्याची काहीच जबाबदारी नाही का? आपल्यामुळे भावाला अडखळण होऊ नये, असे पौलानेच सांगितले नाही का? सांगितले आहे. पण रोमकरांस आणि करिंथकरांस लिहिलेल्या पत्रांत ते मुख्यतः खाण्यापिण्याच्या आणि मूर्तीला दाखवलेल्या अन्नाच्या संदर्भात येते, आणि ते स्त्री-पुरुष सर्वांना सांगितले आहे. त्यातून निघणारे प्रेमाचे तत्त्व वेशभूषेला लागू करता येईल, हे मला मान्य आहे. कुठल्या प्रसंगी काय घालावे याचा विचार प्रत्येकाने करावा; चर्चमध्ये, शोकसभेत, दवाखान्यात आपल्या कपड्यांतून दुसऱ्याचा मान राखावा. पण हे तत्त्व स्वतःला लावायचे असते. ते दुसऱ्याला, त्यातही फक्त मुलींना लावले की काय होते, हे अमेरिकेतल्या शुद्धतेच्या चळवळीत दिसले. १९९०च्या दशकात तिथल्या चर्चनी किशोरवयीन मुलींना शिकवले की मुलांच्या मनातल्या वासनेची जबाबदारी तुमच्या कपड्यांवर आहे. त्या पिढीतल्या अनेक स्त्रियांनी पुढे जाहीरपणे सांगितले की त्यातून त्यांच्या मनात स्वतःच्या शरीराची भीती तेवढी बसली. त्या चळवळीतल्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाचे लेखक जोशुआ हॅरिस यांनी २०१८ साली आपले पुस्तक स्वतःहून मागे घेतले. जी शिकवण पाहणाऱ्याला मोकळे सोडते आणि जिच्याकडे पाहिले जाते तिला आरोपी करते, ती येशूच्या शब्दांच्या थेट विरुद्ध आहे.

या सगळ्याचा मध्यबिंदू क्रूस आहे. रोमन सत्ता गुन्हेगाराला कपडे उतरवून खिळायची, कारण मरणाआधी त्याची अब्रू जावी हाही शिक्षेचाच भाग होता. येशूचे कपडे शिपायांनी वाटून घेतले आणि त्याच्या अखंड विणलेल्या अंगरख्यावर चिठ्ठ्या टाकल्या, असे योहान सांगतो. दोन हजार वर्षांत ख्रिस्ती लोकांनी त्या उघड्या शरीरासमोर गुडघे टेकले. लाज वाटायला हवी होती ती कपडे उतरवणाऱ्यांना, याबद्दल कुणाला संशय आला नाही. मे २०२३मध्ये मणिपूरमध्ये जमावाने कुकी-झो समाजातल्या स्त्रियांची नग्न धिंड काढली. जुलैमध्ये त्याचा व्हिडिओ बाहेर आला, तेव्हाही हेच स्पष्टपणे म्हणायला हवे होते: त्या स्त्रियांची अब्रू गेली नाही, गेली ती जमावाची. बाईची अब्रू तिच्या कपड्यांत असते, असे वर्षभर शिकवणारा समाज अशा वेळी हे ठामपणे म्हणू शकत नाही. वेशभूषेवरचा चुकीचा उपदेश हा केवळ रुचीचा प्रश्न नाही, तो याचसाठी.

म्हणून धर्मगुरूंना, पाळकांना आणि घराघरांतल्या आईबापांना माझे सांगणे आहे. चर्चच्या दारावर वेशाचा नियम जरूर लावा, पण तो पुरुषांना आणि स्त्रियांना सारखाच लावा. मुलीला ओढणी नीट घ्यायला सांगण्याआधी मुलाला नजर नीट ठेवायला शिकवा, कारण प्रभूने आज्ञा दिली आहे ती नजरेला. लग्नाच्या हंगामात सोन्याच्या दिमाखावर एक तरी प्रवचन करा. त्याला पौलाचा आणि पेत्राचा थेट आधार आहे. आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय पुन्हा उघडून वाचा. माणसांचा शेवटचा निवाडा होतो तेव्हा तुम्ही काय घातले होते, असे तिथे कुणालाही विचारलेले नाही. कपड्यांचा उल्लेख येतो तो एवढ्यापुरताच, की उघड्याला तुम्ही वस्त्र दिले की नाही.